पहिल्या सीटचा मान

पहिल्या सीटवर हळदीचं पोतं बसवलं होतं. सुतळीनं तोंड बांधलं होतं तिथं झेंडूचा हार, आणि पोटावर कुंकवाचं स्वस्तिक. आक्कासाहेब जगदाळे पुढे झाल्या आणि मूठभर मीठ-मोहऱ्यांनी त्यांनी त्या पोत्याची दृष्ट काढली. माणसांची, दुभत्या म्हशींची, नव्या ट्रॅक्टरची दृष्ट काढलेली मी पाहिली होती. पोत्याची तेव्हा पहिल्यांदा पाहिली. माझी आई बाजूला हात जोडून उभी होती.

"शैला, पदर घे डोक्यावर," ती कुजबुजली.

"पोत्यासमोर?"

"सगळी बघायल्यात."

सगळी बघत होती हे खरं. हिंदुराव जगदाळ्यांनी तासगाव रस्त्याला 'मौजनगरी' नावाची बाग काढली होती. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, एक सिमेंटचा हत्ती, असलं सगळं तिथं होतं. त्या बागेत त्या सकाळी सांगलीतली अर्धी पेठ लोटली होती, कारण वर्षभर वाट बघायला लावलेला रोलर कोस्टर आज चालू होणार होता. कमानीवर त्याचं नाव लिहिलं होतं, 'श्री महालक्ष्मी स्काय किंग'. त्यातलं अर्धं नाव हिंदुरावांनी ठेवलेलं, अर्धं त्यांच्या मुलानं, रणधीरनं. दोघांत महिनाभर धुसफूस झाली आणि शेवटी दोन्ही नावं एका पाटीवर कोंबली. लोक नुसतं धूड म्हणायचे.

आज ते धूड गंजत पडलंय, त्याच्या खांबांवर घाणेरीची झुडपं चढलीत. पण त्या वर्षी सांगलीला दुसरा विषय नव्हता. त्याचे लोखंडी भाग लांबलचक ट्रेलरवरून आले तेव्हा लोक दुकानं सोडून रस्त्यावर येऊन उभे राहिले. ज्यांना सायकलचं पंक्चर काढता येत नाही ते चहाच्या टपरीवर रुळांची वळणं समजावून सांगायला लागले. वरून दंडोबाचा डोंगर दिसणार असं एकानं सांगितलं, दुसऱ्यानं थेट पन्हाळा दाखवला. काम रखडलं, तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आणि प्रत्येक वेळी लोक असे हळहळले की घरातलं लग्न पुढे गेल्यावरही हळहळले नसते. आमच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकाबाईंनी तर त्या दिवसासाठी पंजाबी ड्रेस शिवून घेतला होता. त्याआधी नऊवारीशिवाय त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

आणि मग पहिल्या सीटचा मान. पुढच्या रांगेत दोन सीट. त्यांत पहिल्या दिवशी कोण बसणार यावरून जे रामायण झालं ते जत्रेत पालखीच्या पहिल्या खांद्यावरूनही होत नाही. बाजार समितीच्या सभापतींनी निरोप धाडला की आपण आमंत्रित नव्हे, मानकरी म्हणून येऊ. व्यापारी संघाच्या अध्यक्षांनी आठवण करून दिली की जागेच्या भूमिपूजनाला पहिली कुदळ त्यांची पडली होती. हिंदुरावांचे मेहुणे तर दिवाळीला बहिणीकडे जेवले नाहीत. "पहिल्या सीटचं कबूल करा, मग ताटावर बसतो," म्हणाले, आणि करंजीला हात न लावता उठून गेले. कळती सवरती माणसं होती ही सगळी.

हिंदुराव मूळचे हळदीचे व्यापारी. पेठेत त्यांची पेढी होती, आणि त्या पेढीवर माझे वडील दिवाणजी होते. गणपतराव माने असं त्यांचं नाव, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारलेली मला आठवत नाही. आणि बाबा मालकांसमोर कधी बसत नसत. पेढीवर मालक गादीवर, बाबा शेजारी उभे. मालक नसले की एका स्टुलावर टेकत, आणि मालकांच्या गाडीचा हॉर्न कोपऱ्यावर वाजला की उठत. मालक आमच्या घरी आले तर आमच्याच खुर्चीवर मालक आणि आमच्याच घरात बाबा उभे. लहानपणी मला वाटायचं, बाबांच्या गुडघ्यांत काही दुखणं आहे. मोठी झाल्यावर दुखणं कुठं आहे ते कळलं, आणि मग मला त्यांची कीव यायची, रागही यायचा. उभ्या उभ्या सगळं आयुष्य काढणाऱ्या माणसाकडून काय अपेक्षा ठेवायची, असं मी मनाशी म्हणत असे.

त्या घरात माझं लग्न ठरलं होतं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं होतं. रणधीरला मोठ्या घरची स्थळं आली होती, पण मुलीकडचे लोक यायचे, अर्धा तास त्याचं बोलणं ऐकायचे आणि घरी जाऊन पत्रिका जुळत नाही म्हणून कळवायचे. शेवटी त्याच्या आईला, आक्कासाहेबांना, दिवाणजींची मुलगी आठवली. शिकलेली, गरीब घरची, आणि बापाला मान खाली घालायची सवय. एका गोदामातलं पोतं दुसऱ्या गोदामात हलवावं तितक्या सहज हे झालं.

मुलगी बघायला ते आले त्या दिवशी रणधीर काळा गॉगल लावून आमच्या माजघरात बसला होता. दिवे गेलेले, खोलीत अंधार, तरी गॉगल. मी पोह्यांची बशी पुढे केली तेव्हा त्यानं मला एकच प्रश्न विचारला.

"उंचीची भीती वाटतीय काय?"

"नाही," मी म्हटलं.

"वाटंल," तो म्हणाला आणि पोह्यांतले शेंगदाणे निवडून खायला लागला.

त्यानंतर तासभर तो बाबांशी धुडाविषयी बोलला. तो ते विकत घ्यायला परदेशी जाऊन आला होता. "तिकडं कारखान्यात त्यांनी मला बसवलं की," तो सांगत होता. "पुढच्या सीटवर. गोरी माणसं ओरडत होती, आणि मी हात सोडून बसलोय. त्यांचा साहेब म्हणला, तुमच्यासारखा गडी बघितला न्हाई." बाबा भिंतीला टेकून उभे होते आणि योग्य जागी मान डोलावत होते.

जाताना आक्कासाहेब माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "ती शाळेतली नोकरी आता सोडायची बरं का. आमच्यात बायका बाहेर जात न्हाईत."

मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. ती नोकरी मला माझ्या जिवासारखी होती, कारण त्या सगळ्या गावात ती एकच गोष्ट माझी मी मिळवलेली होती. पण धूड चालू होईल त्या दिवशी, त्याच मांडवात, पहिली फेरी झाली की साखरपुडा, असं हिंदुरावांनी जाहीर करून टाकलं. एका मंडपाच्या भाड्यात दोन कार्यं. आईला आभाळ ठेंगणं झालं. मी 'नाही' म्हणायचं पक्कं ठरवून बसले होते. फक्त मला विचारणारं माणूसच भेटत नव्हतं. आई विचारणार नाही हे माहीत होतं, आणि बाबांना मी विचारणाऱ्यांत धरतच नव्हते.

तर ते पोतं.

यंत्र बसवायला चेन्नईकडचा एक इंजिनीअर आला होता, सेल्वम नावाचा, सडपातळ आणि कायम घामेजलेला. त्यानं गाडीत पाणी भरलेले प्लॅस्टिकचे पुतळे बसवून पंधरवडाभर फेऱ्या मारून बघितल्या होत्या, आणि लोक डबे घेऊन त्या बघायला यायचे. गाडी ठणठणीत होती. पण उद्घाटनाच्या सकाळी ते पुतळे बघून हिंदुरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ही प्लॅस्टिकची मढी कशाला पहिल्या फेरीत?"

"वजन के लिए, मालक," सेल्वम म्हणाला.

"वजनाला लक्ष्मी बसवा की. आमची लक्ष्मी म्हंजे हळद. पहिली फेरी तिची, मग माणसाची."

सेल्वमनं जीव तोडून सांगितलं, की पोत्याला मांड्या नसतात, दांडी नीट बसत नाही. ऐकणारं कोण होतं? आधी हळकुंडांची पोती आणली. ती सीटच्या रेक्झिनला टोचायला लागली. रणधीरला रेक्झिनची काळजी, म्हणून मग दळलेली हळद आणली. ती पोती मऊ, सीटमध्ये बरोबर माणसासारखी टेकून बसली. रणधीर लांब उभा राहून गॉगलमधून बघत म्हणाला, "फर्स्ट क्लास." सेल्वमनं कपाळाला हात लावला.

दृष्ट काढून झाली, नारळ फुटला, आणि गाडी निघाली. साखळीचा कडकड आवाज करत पोती हळूहळू वर चढली. खाली सगळे माना वर करून बघत होते. टोकाला पोचल्यावर गाडी क्षणभर थबकली आणि खाली कोसळली. बायका किंचाळल्या. पोती काही बोलली नाहीत. पुढे ती उलटी गिरकी होती, जिच्याविषयी वर्षभर सगळे दबक्या आवाजात बोलत होते. गाडी तिथं उलटी झाली आणि पहिल्या सीटवरच्या पोत्याचं तोंड सुटलं.

पिवळा ढग आधी वरच राहिला. मग तो सावकाश आमच्यावर उतरला. सभापतींची खादी, मुख्याध्यापिकाबाईंचा पंजाबी ड्रेस, बँडवाल्यांची पितळी वाद्यं, मांडलेल्या खुर्च्या, साखरपुड्याचे पेढे, सगळं एका रंगाचं झालं. कुणीतरी "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणून आरोळी दिली आणि तिला शेकडो गळ्यांनी साथ दिली. शिंकत, खोकत, डोळे चोळत माणसं एकमेकांच्या कपाळाला हळद लावायला लागली. गाठ नीट बसली नव्हती एवढंच झालं होतं, पण हे म्हणायची तिथं कुणाची छाती नव्हती.

"खंडोबानं भंडारा उधळला," हिंदुराव दोन्ही हात पसरून म्हणाले. "बघितलासा काय, सभापती? देवाची साक्ष झाली."

आक्कासाहेब मात्र माझ्याकडे वळल्या. मी आईची हिरवी साडी नेसले होते, ती निम्मी पिवळी झाली होती. त्यांनी माझा गाल धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पोरीला हळद लागली. रणधीरलाबी लागली. साखरपुड्याआधी देवानंच हळद लावली. आता कुणाच्या बापाला मागं फिरता यायचं न्हाई."

"काकी, हळद सभापतींनाही लागलीय," मी म्हटलं.

त्या हसल्या. "गुणाची हाय पोर, बोलकी हाय," म्हणाल्या. आईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्या हळदीमुळे होत्या की आनंदामुळे, हे मी आजपर्यंत तिला विचारलेलं नाही. एकदा हळद लागली की मुलीनं उंबरा ओलांडायचा नसतो, तोंड उघडायचं नसतं, आणि ही माणसं एका सुटलेल्या पोत्याच्या जोरावर मला त्या उंबऱ्याच्या आत ढकलून मोकळी होत होती.

तेवढ्यात गाडी परत आली.

मागची पोती होती तशी होती. पहिल्या सीटवर मात्र नुसतं रिकामं तरट लोंबत होतं, हार गळून त्याच्या पायाशी पडला होता. बँड थांबला. देवाची साक्ष वगैरे ठीक होतं, पण आता त्या सीटवर माणूस बसायचा होता, आणि सगळ्यांची नजर त्या लोंबणाऱ्या तरटावर खिळली होती. सेल्वमनं पोती उतरवली, सीट झटकली, दांड्या वरखाली करून दाखवल्या आणि म्हणाला, "गाडी बिलकुल ठीक है. आदमी बैठो."

कुणी हललं नाही.

"या सभापती," हिंदुराव म्हणाले. "पहिला मान तुमचा."

"छे छे," सभापती दोन पावलं मागं सरले. "मान घरच्याचा. आम्ही काय, पाहुणे."

"मग अध्यक्ष, तुम्ही या. कुदळ तुम्हीच मारलासा."

"कुदळीचं निराळं, हिंदुराव. मला साखर हाय. डॉक्टरनं सांगितलंय, जिना चढताना बी जपून."

मेहुण्यांकडे हिंदुरावांनी नुसतं बघितलं. वर्षभर ज्या सीटपायी या गृहस्थानं करंजी सोडली होती, त्या सीटकडे पाठ करून तो आता सिमेंटच्या हत्तीकडे बघत होता. "दाजी, आज माझा उपास हाय," तो म्हणाला. "उपाशी पोटी कसं बसायचं?"

मग धोतरवाल्यांनी धोतराचं कारण सांगितलं, पाठदुखीवाल्यांनी पाठीचं. "तुम्ही आधी," "अहो तुम्ही मोठे," "मान तुमचाच," असा नुसता गलका झाला. एवढी नम्रता सांगलीच्या पेठेत त्याआधी कधी बघायला मिळाली नव्हती आणि नंतरही नाही. वर्षभर हक्कानं मागितलेला मान आता पेटलेल्या निखाऱ्यासारखा या हातातून त्या हातात जात होता.

"रणधीर," हिंदुरावांनी शेवटी हाक मारली. "बस. तू बसलायस पूर्वी. बस आणि ह्यास्नी दाखव."

रणधीर रुमालानं तोंड पुसत होता. "माझ्या डोळ्यांत हळद गेलीय."

"गॉगल असून?" मी म्हटलं.

मी ते मोठ्यानं म्हणायचं ठरवलं नव्हतं. पण बँड बंद होता, त्यामुळे मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं आणि कुणीतरी फिस्सकन हसलं. रणधीरनं गॉगल काढला. त्याचे डोळे स्वच्छ होते, आणि भोवतीचा सगळा चेहरा पिवळा. पहिल्यांदाच त्याचे डोळे नीट दिसले. घाबरलेल्या वासरासारखे होते.

"साब नहीं बैठेगा," सेल्वम सरळपणे म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं तो मालकाच्या मुलाची बाजू घेतोय. "साब कारखाने में भी नहीं बैठा. नीचे फोटो लिया. साब को चक्कर होता है."

हिंदुरावांचा चेहरा हळदीखालीही लाल झालेला दिसला. शेकडो माणसं, सभापती, बँड, मांडव, आणि रिकामी गाडी. त्यांची नजर गर्दीवरून फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"दिवाणजी," ते म्हणाले, "पोरीला बसवा."

बाबा नेहमीप्रमाणे त्यांच्या मागं उभे होते. "काय म्हणालासा, मालक?"

"शैलाला बसवा पहिल्या सीटवर. पोतं कशाला बसवलं होतं? लक्ष्मी म्हणून. आता ही घरची लक्ष्मी. हिचा मान पहिला."

"आणि पायगुण बी कळंल पोरीचा," आक्कासाहेब म्हणाल्या.

असं माझं पोतं झालं. दृष्ट मात्र काढली नाही. तेवढी पोत्याची काढली होती.

"अहो, एकटी पोर..." आई म्हणाली आणि आक्कासाहेबांनी बघितल्यावर गप्प झाली. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती. मला वाटलं, झालं, मान डोलावली यांनी. मग मी कुणाच्याही सांगण्याची वाट न बघता गेले आणि पहिल्या सीटवर जाऊन बसले. उंचीची भीती मला खरंच नव्हती. मला इतका संताप आला होता की ती गाडी मला उचलून कृष्णेपलीकडे फेकून देईल तर बरं, असं वाटत होतं. सेल्वमनं दांडी ओढून माझ्या मांडीवर घट्ट बसवली.

शेजारच्या सीटवर हळद साचली होती. तिथं कुणीतरी वाकलं. बघते तर बाबा. त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली. ती टोपी आई दर शनिवारी नीळ घालून धुवायची. त्या टोपीनं त्यांनी ती सीट पुसली, दोनदा, काळजीपूर्वक, पेढीवर मालकांची गादी झटकावी तशी. मग टोपी खिशात कोंबली.

"दिवाणजी, तुम्ही कशाला?" हिंदुरावांनी विचारलं.

"पोरीसंगं जातो," बाबा म्हणाले.

आणि बसले. मालक उभे होते आणि बाबा बसले, पहिल्या सीटवर, सभापतींच्या आणि अध्यक्षांच्या आणि मेहुण्यांच्या देखत. आपला जीव वाचला या सुटकेत बाकी कुणाच्या ते लक्षात आलं नसावं. हिंदुरावांच्या आलं. त्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात सेल्वमनं खटका दाबला.

गाडी चढायला लागली. खाली बँडनं घाईघाईनं काहीतरी सुरू केलं. बाबांनी दांडी अशी धरली होती की त्यांच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. घरातला माळा आवरायला शिडी लावली तर ती खालून धरायचं काम बाबांचं आणि चढायचं आईचं असे. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर त्यांना घाम फुटायचा. हे मला तिथं, वर जाता जाता आठवलं.

"बाबा, डोळे मिटा," मी म्हटलं.

"मिटलेलेच हाईत."

साखळी कडकडत होती. माणसं लहान होत गेली. मांडव दिसत होता, पिवळा पडलेला, आणि त्याच्यासमोर साखरपुड्यासाठी मांडलेले दोन पाट. दंडोबाचा डोंगर कुठं दिसत नव्हता. नुसती उसाची शेतं होती.

"शैला," बाबा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "तुला हा मुलगा पसंत हाय काय?"

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या केसांत हळद होती, टोपीखाली एवढे केस पिकलेत हे मला माहीत नव्हतं.

"आत्ता विचारताय?"

"खाली कुठं विचारू?" बाबा म्हणाले. "खाली सगळीकडं मालक असत्यात."

वर्षभर मी त्यांच्यावर मनातल्या मनात थुंकत आले होते, आणि हा माणूस वर्षभर विचारायला जागा शोधत होता. आणि सापडली ती ही.

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही, बाबा. मला नोकरी सोडायची नाही, आणि मला तो नको."

"बरं," बाबा म्हणाले.

गाडी टोकाला पोचली, थबकली आणि कोसळली.

बाबा ओरडले. देवाचं नाव नाही, आईचं नाव नाही, नुसता एक लांबच्या लांब आवाज, पोटाच्या तळापासून. त्यांना एवढा आवाज आहे हे मी कधी ऐकलं नव्हतं. मालकांसमोर इतकी वर्षं न काढलेला सगळा आवाज त्यांनी त्या उतारावर काढला असेल. उलट्या गिरकीत आभाळ पायांखाली गेलं, माझ्या पदरातली उरलीसुरली हळद उडाली, आणि तरी बाबा ओरडतच होते. शेवटच्या वळणावर ते थांबले तेव्हा मला कळलं की मीही त्यांच्याबरोबर ओरडत होते.

गाडी थांबली. टाळ्या वाजल्या. आता गाडी माणसं खात नाही हे बघून सभापती पुढं सरकले होते, मेहुण्यांचा उपास सुटलेला दिसत होता, आणि अध्यक्षांना साखरेचा विसर पडला होता. सगळ्यांत पुढे हिंदुराव होते.

"शाबास," ते म्हणाले. "उतरा दिवाणजी. पाट मांडल्यात, मुहूर्त टळायला नको."

सेल्वमनं दांडी वर केली. बाबा उठले नाहीत. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मालक," ते म्हणाले, "पोरीला पसंत न्हाई. साखरपुडा व्हायचा न्हाई."

बँड आपोआप थांबला. आक्कासाहेब पुढे आल्या. "म्हंजे? हळद लागलीय पोरीला, दिवाणजी. एवढ्या गावानं बघितलंय."

"घरी जाऊन आंघोळ करंल ती," बाबा म्हणाले.

ते चढ्या आवाजात बोलले नाहीत. आवाज सगळा वरच संपला होता. पेढीवर ज्या आवाजात ते भाव सांगायचे त्याच आवाजात त्यांनी ते सांगितलं. गर्दीत कुणी हसलं नाही. आई तोंडावर पदर घेऊन उभी होती. तिच्यामागे रणधीर, गॉगल हातात धरून, आणि मी शपथेवर सांगते, त्या पोराच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी दिसलं. त्यालाही कुणी विचारलं नसणार.

पुढचं सांगण्यासारखं फारसं नाही. बाबांची पेढी त्याच दिवशी सुटली. आईनं आठवडाभर अबोला धरला. मग पेठेतल्याच दुसऱ्या व्यापाऱ्यानं बाबांना बोलावून घेतलं आणि पहिल्या दिवशी बसायला खुर्ची दिली, तर बाबा संध्याकाळपर्यंत तिच्याशेजारी उभे होते. सवय अशी एका फेरीत जात नाही. मी पुढं त्याच शाळेतून निवृत्त झाले. पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी आम्ही अजून गाडीतच होतो, आणि हिंदुराव आमच्यासमोर उभे होते.

"दिवाणजी," ते म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता, आणि तसा आला की पेढीवरची माणसं चळचळा कापायची. "कुणासमोर बोलताय? उठून उभं राहा आणि मग बोला."

बाबांनी त्यांच्याकडे मान वर करून बघितलं. बसलेल्या माणसाला उभ्या माणसाकडे बघायला मान वर करावी लागते, आणि बाबांना त्याची सवय नव्हती, हे त्यांच्या अवघडलेल्या मानेवरूनही कळत होतं.

"उठलो असतो, मालक," ते म्हणाले. "पण पाय लटपटायल्यात."

मग ते सेल्वमकडे वळले.

"आणखी एकदा फिरवा," बाबा म्हणाले, आणि स्वतःच्या हातानं त्यांनी दांडी खाली ओढली.